पायाखालची जमीन

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई,

माझे मिस्टर ३८ वर्षांचे, मूळचे किल्लारीजवळच्या एका खेड्यातले. १९९३ च्या भूकंपात त्यांची आई आणि धाकटी बहीण गेली. पुढे दोन वर्षांत वडीलही गेले. हे काही दिवस आजीकडे आणि नंतर वसतिगृहात वाढले. शिकले, नोकरीला लागले, कुणापुढे कधी हात पसरला नाही. आमच्या लग्नाला ९ वर्षं झाली. एक मुलगा आहे, यंदा जूनमध्ये पहिलीत गेला.

गेले सात-आठ महिने हे पहाटे चारच्या सुमाराला दचकून उठतात आणि दाराची कडी काढून ठेवतात. उशाशी बॅटरी आणि चपला. कडीवरून आमची रोज भांडणं होतात. मागच्या महिन्यात कपडे पिळताना वॉशिंग मशीन जोरात थरथरलं, तर मुलाला काखेत मारून हे चार मजले उतरून खाली गेले. मुलगा घाबरून रडत होता. मी जवळ गेले की हे उठून बाल्कनीत जातात. मी रडले तर दगडासारखे बसून राहतात. 'मला काही झालेलं नाही', एवढंच उत्तर.

शेवटी एका समुपदेशक बाईंकडे जायला तयार झाले. सहा शनिवार झाले, दर वेळी बाराशे रुपये. त्या श्वास सोडायला शिकवतात, पाय जमिनीवर टेकवायला सांगतात आणि 'लहानपणी लागलं-खुपलं तर कोणाकडे जायचात' असं विचारतात. त्या रात्रीबद्दल एकदाही विचारलेलं नाही. माझा भाऊ म्हणतो, पैसे पाण्यात. त्यानेच एक व्हिडिओ पाठवला, की अशा आघातानं मेंदूचा एक भाग आकसतो. तेव्हापासून हे म्हणतात, 'माझा मेंदूच बिघडलाय, आता काय उपयोग.' बाई बदलावी का? आणि मी काय करू? मला तर वाटायला लागलंय की माझ्यातच काही कमी आहे.

– एक वाचक, चिंचवड

उत्तर:

बाई बदलू नका. निदान आत्ता तरी नको. बाराशे रुपये मोजून नवऱ्याला श्वास सोडायला शिकवायचं म्हटलं तर कुणाच्याही भावाचं डोकं फिरेल, हे मला मान्य आहे. पण त्या काय करत असाव्यात याचा मला अंदाज आहे, आणि तो कळला की तुमच्या घरातलं निम्मं भांडण मिटेल. उरलेलं निम्मं त्यांच्याशीच बोलून मिटवावं लागेल, त्याबद्दलही लिहिते.

आधी ती रात्र. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. त्या भागातली घरं माळवदाची: दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, पण भिंत हलली की तो सगळा भार झोपलेल्या माणसावर. सरकारी आकड्यानुसार आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. वाचलेल्यांतली कितीतरी पुढे बरेच महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिली आणि पक्कं घर मिळालं तरी आत झोपायला धजावत नव्हती. तुमचे मिस्टर पहाटे चारला उठतात ते उगाच नव्हे. त्यांचं शरीर त्या वेळेला हजेरी लावतं. आणि कडीचं म्हणाल, तर तुम्हाला भीती चोराची आहे, त्यांना छपराची. दोघंही घर सुरक्षित करायलाच निघालेले आहात.

आता मेंदूबद्दल थोडं, कारण तुमच्या भावाच्या व्हिडिओनं घोळ घातलाय.

मेंदूत कानशिलांच्या आतल्या अंगाला दोन्हीकडे बदामाएवढा एकेक पुंजका असतो. नावही तेच, अमिग्डाला म्हणजे ग्रीकमध्ये बदाम. धोक्याची वर्दी देणं हे त्याचं एक मोठं काम. जोसेफ लेडू या अमेरिकी संशोधकानं उंदरांवर काम करून दाखवलं की आवाजाची खबर या बदामापर्यंत दोन वाटांनी पोचते. एक आडवाट आहे, जवळची पण ओबडधोबड. दुसरी मेंदूच्या वरच्या, पारख करणाऱ्या थरातून वळसा घेऊन येते. आडवाटेची खबर आधी पोचते. वाड्यातला कुत्रा कसा आधी भुंकतो आणि मालक मग कंदील घेऊन बाहेर येतो, तसं. त्या दिवशी मशीन थरथरलं तेव्हा तुमच्या मिस्टरांचे पाय जिन्याकडे धावत सुटले होते. 'अरे, हे तर मशीन' ही खबर त्यांना बहुधा दुसऱ्या मजल्यावर भेटली असेल. कधी शांतपणे विचारा, ते सांगतील. आणि त्यानंतरची शरमही सांगतील, जर तुम्ही हसला नाहीत तर.

दुसरा एक भाग आहे, हिप्पोकॅम्पस. एखादी गोष्ट कुठे आणि केव्हा घडली याचा शिक्का आठवणीवर मारण्यात त्याचा मोठा वाटा. पोस्टात पत्रावर मारतात ना, तसा शिक्का. जीव जाईल अशा भीतीत तो नीट उमटत नाही, असं या क्षेत्रातले बरेच संशोधक मानतात. मग धुळीची चव, भांडी पडल्याचा आवाज, अंगाखालची थरथर असे तुकडे सुटे राहतात. त्यांतल्या एकाला धक्का लागला की शरीर 'तेव्हा' म्हणत नाही, 'आत्ता' म्हणतं. ३२ वर्षं झाली, विसरा आता, असं म्हणणाऱ्यांना हे कळत नाही. विसरायला ती गोष्ट आधी भूतकाळात जमा व्हावी लागते.

तो 'आकसलेला भाग' म्हणजे हाच हिप्पोकॅम्पस. आघातानंतरच्या दीर्घ त्रासात तो सरासरीनं थोडा लहान आढळतो, हे खरं. पण २००२ साली अमेरिकेत एक फार हुशार अभ्यास झाला. व्हिएतनामच्या युद्धात लढलेले सैनिक आणि त्यांचे जुळे भाऊ, तेही एकसारखे जुळे, जे युद्धावर गेलेच नव्हते. ज्या सैनिकांना तीव्र त्रास होता, त्यांच्या घरी बसलेल्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहानच निघाला. म्हणजे काही जणांत तो मुळातच तसा असावा आणि म्हणून आघात जास्त खोल गेला असावा. आघातानंच मेंदू खाल्ला, असं सरसकट म्हणता येत नाही. शिवाय ही गोष्ट शेकडो माणसांच्या सरासरीची. तिच्यावरून एका माणसाच्या मेंदूचं निदान होत नाही. तुमच्या मिस्टरांना माझा निरोप द्या: मेंदू बिघडलेला नाही. त्या रात्रीच्या सहा वर्षांच्या पोराला जिवंत ठेवायला जे शिकला, तेच तो अजून इमानानं करतोय. (मेंदूची रंगीत चित्रं दाखवून घाबरवणारे हल्ली पुष्कळ झालेत. लाल-पिवळा ठिपका दिसला की माणसाला वाटतं, आता पुरावा मिळाला.)

त्या बाई रात्रीबद्दल का विचारत नाहीत, याचा धागा इथेच आहे. १९९६ साली आघातग्रस्त लोकांना त्यांचाच प्रसंग ऐकवून स्कॅन केले गेले, तेव्हा अमिग्डालाच्या बाजूला हालचाल वाढली आणि बोलण्याशी निगडित ब्रोका नावाच्या भागात कमी झाली. माणसं आठच होती, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत. पण समोर बसलेल्या माणसाची वाचा बसते, हे आम्हा समुपदेशकांपैकी प्रत्येकीनं पाहिलंय. 'मला काही झालेलं नाही' हे वाक्य दर वेळी खोटं किंवा हट्टाचं नसतं. कधी तेवढंच तोंडातून निघतं. अशा माणसाला पहिल्याच शनिवारी त्या ढिगाऱ्याखाली परत नेलं तर तो दुसऱ्या शनिवारी येत नाही. 'मन मोकळं केलं की झालं' हा आपल्याकडचा आवडता समज, पण दुर्घटनेनंतर लगेच माणसांना एका बैठकीत सगळं बोलायला लावून पाहिलं गेलंय आणि त्याचा फायदा दिसला नाही. काही अभ्यासांत तर त्रास वाढलेला आढळला.

म्हणून आधी श्वास. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. सोडण्याचा श्वास लांबवला की व्हेगस नावाची नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) हृदयाला आणखी आवरते. यात गूढ काही नाही, नाडीवर बोट ठेवून घरी बघा. या नसेवर हल्ली मोठमोठे सिद्धांत रचले जातात, त्यांतल्या काहींवर शरीरशास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत, त्यात आपण पडायला नको. मुद्दा एवढाच, की चार वाजता आपलं आपल्याला थोडं शांत होता येतं, हा अनुभव हाताशी आल्याशिवाय माणूस आठवणीला हात घालायला धजत नाही.

पाय जमिनीवर टेकवणं हाही त्याचाच भाग: तू आत्ता इथे आहेस, ही जमीन, ही खुर्ची. पण ताई, तुमच्या पत्रात मी या ओळीपाशी थांबले. बहुतेकांना जमीन आधार वाटते. या माणसाला मात्र जमिनीनंच दगा दिलाय.

माझी एक चूक सांगते. पुराचं पाणी घरात शिरून सगळं गेलेल्या एका बाईंना मी एकदा म्हटलं, डोळे मिटा आणि संथ वाहणाऱ्या नदीची कल्पना करा. प्रशिक्षणात शिकवलेलं होतं, तोंडून निघून गेलं. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी आजही नदीचं नाव काढत नाही. त्या दिवशी मी माफी मागितली. पुढच्या खेपेला त्या आल्या. मला वाटतं, आमचं खरं काम त्या माफीनंतर सुरू झालं.

तुमच्या मिस्टरांना विचारा, पाय टेकवल्यावर बरं वाटतं की पोटात गोळा येतो? गोळा येत असेल तर त्यांनी ते बाईंना सांगावं. दुसरं काहीतरी सापडेल: हातातला गरम चहाचा कप, खिडकीबाहेरचं झाड, खिशातली किल्ली. आणि 'मला हे जमत नाही' असं समोरच्याला सांगता येणं हे त्यांच्यासाठी श्वासाहून मोठं काम आहे. कारण ज्या माणसानं कुणाकडे काही मागितलं नाही, त्यानं तक्रार करणं हेही मागणंच की.

इथून तो दुसरा प्रश्न समजतो: 'लहानपणी लागलं-खुपलं तर कोणाकडे जायचात?'

जॉन बोल्बी नावाचे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ होते. आईवडिलांपासून तुटलेल्या मुलांवर त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून काम केलं, आणि १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यावर अहवाल लिहिला. त्यांचं म्हणणं असं: मूल आईला चिकटतं ते फक्त दुधासाठी नाही. भीती वाटली की कुणाच्या तरी कुशीत पळायचं, ही भुकेइतकीच मूळची गरज आहे. त्यांनी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी दवाखान्यात एकटी ठेवलेली लहान मुलं पाहिली. आधी आकांत, मग खिन्नता, आणि मग एक तिसरी अवस्था. मूल शांत होतं, खातं, खेळतं, नर्सशी हसतं. सगळे म्हणतात, रुळलं बाई एकदाचं! प्रत्यक्षात त्यानं आईची वाट पाहणं सोडलेलं असतं.

वसतिगृहातल्या त्या लहानग्या मुलाला लोक काय म्हणाले असतील? गुणी पोरगं, अजिबात त्रास नाही, रडतसुद्धा नाही.

बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी युगांडात आणि नंतर अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये आई आणि बाळांचं बारकाईनं निरीक्षण केलं. वर्षाच्या आसपासच्या बाळाला अनोळखी खोलीत ठेवून आई दोन-तीन मिनिटं बाहेर जाते आणि परत येते. काही बाळं रडतात, आई आली की बिलगतात आणि पुन्हा खेळायला लागतात. काही समजूत घातली तरी निवत नाहीत. आणि काही बाळं आई गेली तरी ढिम्म, आली तरी पाठ फिरवून खेळण्याशी चाळा. आधी ती सगळ्यांत 'स्वावलंबी' वाटली. पुढे अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले, तर आतून ती चांगलीच धडधडत होती. जवळ गेल्यानं काही मिळत नाही हे त्यांना आधीच कळून चुकलेलं असतं, म्हणून ती गरज दाखवणं बंद करतात. गरज बंद होत नाही.

तुम्ही रडता तेव्हा दगडासारखा बसणारा तुमचा नवरा आतून दगड नसावा. माझी पैज आहे, त्या वेळी त्यांच्या मनगटावर बोट ठेवलंत तर नाडी पळत असेल. बाल्कनी ही तुमच्यापासून दूर जायची जागा नसून, त्यांना माहीत असलेली शांत व्हायची एकमेव रीत आहे. लहानपणापासून ते एकट्यानंच शांत होत आलेत. तुमच्यात काही कमी आहे का, याचं उत्तर इथे मिळालं असेल अशी आशा करते.

एक खुलासा. इन्स्टाग्रामवर 'तुमची अटॅचमेंट स्टाइल ओळखा' अशा चाचण्या असतात, त्यात नवऱ्याला बसवू नका. हे शिक्के जन्मभराचे नसतात. आणि आपल्याकडे मूल एकट्या आईचं कधीच नसतं, आजी असते, मामी असते, समोरच्या काकू असतात. किंबहुना बाईंचा प्रश्न बहुधा त्याच शोधात आहे: सगळं गेल्यावरही कोणाची तरी मांडी होती का? आजी होती ना? तिच्याबद्दल ते कधी बोलतात का तुमच्याशी?

आता तुम्ही जाता जाता लिहिलेली एक ओळ. मुलगा यंदा पहिलीत गेला. म्हणजे सहा वर्षांचा. मिस्टर तेव्हा सहा वर्षांचे होते. आणि त्रास वाढला तो गेल्या सात-आठ महिन्यांत. आपण ज्या वयात आईबाप गमावले, त्या वयाला आपलं मूल पोचलं की जुनं वर येतं, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. त्या दिवशी काखेत मारून चार मजले उतरवला तो तुमचा मुलगा होता, पण कदाचित फक्त तोच नव्हता. बहिणीला कुणी उचललं नव्हतं. हे मी इथे बसून लिहितेय, चुकतही असेन. तुम्ही त्यांना हे सांगायला जाऊ नका. बाईंना एवढं कळवा की मुलगा सहाचा झालाय. पुढचं त्या बघतील.

मुलाला मात्र तुम्ही सांगायचंय. 'त्या दिवशी बाबा मशीनच्या आवाजाला घाबरले. लहानपणी त्यांचं घर हललं होतं, म्हणून. तू काही चुकला नाहीस. आता बाबा ठीक आहेत.' बस. आणि जमलं तर हे बाबांनीच सांगावं. अमेरिकेतल्या मेरी मेन यांनी आईबापांना त्यांच्या स्वतःच्या बालपणाबद्दल विचारलं, तेव्हा असं दिसलं की कुणाचं बालपण किती खडतर गेलं, यापेक्षा तो माणूस त्याबद्दल सलग आणि खरं बोलू शकतो का, यावर त्याच्या मुलाशी असलेला बंध जास्त अवलंबून असतो. वाईट बालपण गेलेली माणसंही पुढे एखाद्या चांगल्या नात्यात, कधी नवरा-बायकोच्या, कधी समुपदेशकाच्या, हा विश्वास कमावतात. संशोधक शब्द 'कमावणं' हाच वापरतात, मला तो फार आवडतो.

तुम्ही काय करायचं, तर फार थोडं. पहाटे चारला 'काय झालं, काय दिसलं' असं विचारू नका. मागून मिठी मारू नका. दिवा लावा आणि साध्या आवाजात सांगा: 'मी आहे. आज गुरुवार. आपण चिंचवडच्या घरात आहोत. पोरगं झोपलंय.' त्या न उमटलेल्या शिक्क्याची शाई तुम्ही बाहेरून पुरवताय असं समजा. कडीचा तोडगा दिवसाउजेडी काढा. आतून एका हातानं, अंधारातही झटकन उघडेल असं कुलूप बसवून घ्या, किल्ली न लागणारं. तीनशे-चारशे रुपयांचा खिळा-हातोडीचा प्रश्न आहे, त्याला मानसशास्त्र कशाला.

बाल्कनीत जायला अडवू नका, पण एक करार करा. जाताना त्यांनी म्हणायचं, 'दहा मिनिटांत येतो', आणि दहा मिनिटांत यायचं. तुम्ही मागे जायचं नाही. सध्या तुम्ही जितक्या मागे जाता तितके ते दूर जातात, आणि ते जितके दूर जातात तितक्या तुम्ही मागे. तुमचं मागे जाणं चूक नाही, तुमचीही कुशीची गरज आहे. पण त्यांना परत येण्याचा सराव हवाय आणि तुम्हाला, ते परत येतात हे पाहण्याचा. आई-बाळांचा अभ्यास करणारे एडवर्ड ट्रॉनिक यांना आढळलं की चांगल्या, प्रेमळ जोड्याही बराच वेळ एकमेकांशी जुळलेल्या नसतात. बाळ हसतं तेव्हा आई दुसरीकडे बघत असते, आई बोलते तेव्हा बाळ तोंड फिरवतं. सूर सुटतो आणि परत लागतो, दिवसातून कितीतरी वेळा. परत लागणं हीच खरी शिकवण.

आणि हात. २००६ साली जेम्स कोन या अमेरिकी संशोधकानं १६ विवाहित बायकांना स्कॅनरमध्ये ठेवून घोट्याला विजेचा झटका बसण्याची धास्ती दिली. कधी हात मोकळा, कधी अनोळखी माणसाच्या हातात, कधी नवऱ्याच्या. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ सगळ्यांत कमी, आणि संसार सुखाचा असेल तर आणखी कमी. छोटा अभ्यास आहे, त्यात बायकांचे हात नवऱ्यांनी धरले होते, उलटं नाही. तरी सांगते, कारण तुमचे मिस्टर आज मिठी सोसू शकणार नाहीत, पण टीव्ही बघताना सोफ्यावर हातावर हात सोसतील. सुरुवात तिथून करा, आणि त्यांनी काढून घेतला तर घेऊ द्या.

आता बाईंशी बोलायचं ते. मी त्यांची वकिली केली, पण कोरा चेक देत नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली मांडलेली तीन टप्प्यांची रीत आमच्यापैकी बहुतेक जण वापरतात: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा जगात मिसळणं. अडचण अशी, की काही समुपदेशक पहिल्याच टप्प्यावर तळ ठोकतात. वर्षभर श्वास चालतो. पहिला टप्पा इतका लांबवायची गरज असते का, यावर तज्ज्ञांत वादही आहेत. ज्या उपचारांना सगळ्यांत भक्कम पुरावा आहे, त्यांत कधी ना कधी त्या आठवणीला हात घातला जातोच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली ज्यांची शिफारस केली त्यांत आघातावर केंद्रित विचार-वर्तन उपचार आहेत आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या आधारानं आठवणीवर काम करण्याची पद्धत) आहे. यातून भीती पुसली जात नाही. जुनी आठवण तिथेच राहते, तिच्या शेजारी नवं काही शिकलं जातं: थरथर झाली आणि छप्पर पडलं नाही, मी बोललो आणि समोरचं माणूस उठून गेलं नाही. म्हणून तर बरं वाटल्यावरही एखाद्या रात्री जुनं उसळतं. तेव्हा सगळं वाया गेलं असं समजू नका.

येत्या शनिवारी मिस्टरांनी बाईंना सरळ विचारावं: पुढे काय करायचं ठरवलंय? साधारण किती बैठका? त्या रात्रीबद्दल कधी आणि कसं बोलू? आघातावरच्या उपचाराचं प्रशिक्षण कुठे घेतलंत? आपल्याकडे 'समुपदेशक' ही पाटी सर्रास कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी असते, ती विचारण्यात गैर काही नाही. चांगली समुपदेशक या प्रश्नांनी दुखावत नाही. दुखावली तर मग बदला.

झोप महिनोन्‌महिने अशीच तुटत राहिली तर मनोविकारतज्ज्ञांनाही एकदा दाखवा. या त्रासावर औषधं आहेत, ती समुपदेशनाच्या जोडीनं चालतात. ओळखीच्या दुकानातून झोपेची गोळी मात्र आणू नका, या आजारात तिचा उपयोग नाही आणि सवय लागते ती वेगळीच. दारू वाढली, हात उगारला गेला किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर शनिवारची वाट पाहायची नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. तो तुम्ही स्वतःसाठीही फिरवू शकता. आठ महिने तुमचीही झोप पहाटे चारलाच मोडतेय, हे पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि येत्या अनंत चतुर्दशीचं आधीच ठरवून ठेवा. तारीख दर वर्षी सरकते, शरीराला मात्र ती ढोल-ताशांवरून कळते. त्या रात्री तिघांनी हॉलमध्ये दाराजवळ गाद्या घालून झोपलात तरी चालेल. मुलाला ती गंमत वाटेल. कडी काढूनच ठेवा, आणि त्या एका रात्री वाटलं तर तुम्ही जाग्या राहा, म्हणजे ते झोपतील.